जंतूंना औषधाची सवय होते का?

‘क्षयाच्या जंतूंना औषधाची सवय झाली’ असे आपण सहज बोलून जातो. मुलांचीही तशीच समजूत होते. प्रत्यक्षात एकेका जंतूला कसलीच सवय होत नाही. मग औषध निरुपयोगी कसे ठरते?

क्षयाच्या जंतूचा सगळा आनुवंशिक मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. १९९८ साली तो प्रथम संपूर्ण वाचला गेला. जंतूचे विभाजन होताना या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. हेच उत्परिवर्तन. औषध असो वा नसो, अशा चुका होतच असतात. इतर अनेक जंतू प्रतिकाराची जनुके एकमेकांकडून उसनी घेतात. क्षयाच्या जंतूची मदार मात्र स्वतःच्या मजकुरातील या चुकांवरच असते.

आयसोनायझिडचे उदाहरण घेऊ. हे औषध जंतूच्या पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. जंतूचेच ‘कॅटजी’ नावाचे विकर त्याला मारक रूप देते. या विकरात ३१५ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असते. जनुकातील एक अक्षर बदलले की तेथे थ्रिओनीन येऊ शकते. मग विकराचे नेहमीचे काम बऱ्यापैकी चालू राहते, पण औषध मारक होत नाही.

आता थोडा हिशेब करू. आयसोनायझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, तर रिफॅम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक असतो. फुफ्फुसात पोकळी झालेल्या रुग्णात दहा कोटी जंतू सहज असू शकतात. म्हणजे पहिली गोळी घेण्यापूर्वीच त्यांत आयसोनायझिडरोधी शंभरेक जंतू असतात. हे एकच औषध दिले, तर बाकीचे मरतील आणि मोकळ्या रानात हे शंभर वाढतील. ब्रिटनमध्ये १९४७ साली केवळ स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या अनेक रुग्णांत असेच घडले. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र १ वर १४ शून्ये इतक्या जंतूंत एखादाच. वर्गात फासे टाकून हा गुणाकार दाखवता येईल: एका फाशावर सहा पडण्याची शक्यता १/६, दोन्हींवर एकदम पडण्याची १/३६. म्हणूनच उपचाराचे पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात. त्यांतले एखादेच मिळत राहिले, तर हा गुणाकार मोडतो.

एकदा बहुऔषधरोधी वाण तयार झाला की तो हवेतून इतरांपर्यंत पोचतो. हे वाणही सगळीकडे सारखे नसतात. रिफॅम्पिसिनरोधी बहुतेक वाणांत ‘आरपीओबी’ जनुकाच्या ८१ अक्षरी तुकड्यात बदल असतो. तेवढाच तुकडा तपासणारी चाचणी सुमारे दोन तासांत निदान करते. पण स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीमध्ये, २००९ च्या सर्वेक्षणातील सुमारे ३० टक्के बहुऔषधरोधी वाणांत बदल या तुकड्याबाहेर निघाला. अशा रुग्णाचा आजार ही चाचणी साधा क्षय ठरवते आणि निरुपयोगी औषध चालू राहते.

आज औषधरोधी क्षयाच्या बऱ्याच रुग्णांनी पूर्वी एकही गोळी चुकवलेली नसते; त्यांना रोधी वाणाचाच संसर्ग झालेला असतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असा क्षय निघाला, तर ‘औषध नीट घेतले नसेल’ असे म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: त्या जंतूंवर कोणती औषधे चालतात याची तपासणी झाली का, आणि घरातल्या इतरांना तपासले का?