सोडलेलं ऋण आणि बुडवलेलं ऋण

‘‘तू ख्रिस्ती आहेस ना? मग दे की सोडून!’’ हातउसने दिलेले पैसे परत मागायला निघालेल्याला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. मी ते चर्चच्या आवारात ऐकलं, लग्नघरात ऐकलं, आणि एकदा तर ज्यानं पैसे थकवले होते त्याच्याच तोंडून ऐकलं. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे.

माझे ४०,००० रुपये आमच्याच धर्मग्रामातल्या एकाकडे होते. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, सहा महिन्यांत देतो म्हणाला. सातव्या महिन्यात त्यानं फोन उचलणं थांबवलं. नवव्या महिन्यात सकाळी सातची मिस्सा सोडून नऊची धरली. गेली वीस वर्षं आम्ही दोघंही सातलाच जायचो. शेवटी वाटेत गाठ पडली तेव्हा त्यानं मला लूकच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय ऐकवला. परत मिळण्याची आशा न ठेवता द्या, असं खुद्द येशूनं सांगितलंय, म्हणाला.

येशूनं ते सांगितलंय, यात वादच नाही. पण कुणाला सांगितलंय? लूक ६:२७ पासून वाचत या. तिथं वैऱ्यांवर प्रीती करण्याचा विषय चालला आहे. ज्यांच्याकडून परत मिळेल अशांनाच द्यायचं तर त्यात विशेष ते काय, असा प्रश्न देणाऱ्यापुढे टाकला आहे. हात आखडू नकोस, गरिबाला दारातून परत पाठवू नकोस, ही त्यातली शिकवण. घेणाऱ्यानं परत करू नये असं त्या अध्यायात एका अक्षरानंही म्हटलेलं नाही. ते वचन देणाऱ्यानं स्वतःशी वाचायचं आहे. घेणाऱ्यानं ते देणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं नाही.

घेणाऱ्यासाठी बायबलमध्ये वेगळं लिहिलंय आणि ते स्पष्ट आहे. उसनं घेऊन परत न करणाऱ्याला स्तोत्र ३७:२१ दुर्जनांत बसवतं. रोमकरांस पत्रात (१३:७-८) पौल ज्याचं जे देणं असेल ते त्याला द्यायला सांगतो. प्रीतीखेरीज कुणाचं काही देणं बाकी राहू नये, असं त्याचं म्हणणं आहे. कॅथलिकांना यापुढे पुरावा हवा असेल तर १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ आहे. त्याच्या परिच्छेद २४०९ मध्ये उसनी घेतलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणं सातव्या आज्ञेविरुद्धच्या पापांत, म्हणजे चोरीच्या रांगेत, धरलं आहे. परिच्छेद २४११ कर्जफेड हा न्यायाचा भाग मानतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही.

तरी लोक निर्दय चाकराचा दाखला पुढे करतात (मत्तय १८). तो दाखला नीट मोजून वाचायला हवा. राजाचं चाकराकडे देणं १०,००० तालांत. एका तालांतचे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशेब सहा कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो, एवढं कर्ज कुणाच्या सात पिढ्यांकडूनही फिटायचं नाही. त्याच चाकराचं सोबत्याकडे येणं १०० दिनार. त्याची चूक कुठं झाली? त्यानं पैसे मागितले म्हणून राजा चिडलेला नाही. त्यानं सोबत्याचा गळा धरला, मुदत मागणाऱ्याला तुरुंगात टाकलं, आणि हे सगळं स्वतःला एवढी माफी मिळाल्यावर केलं, म्हणून राजा चिडला. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरते. या दाखल्यातले दोन्ही ऋणको समोर येतात. पाया पडतात, मुदत मागतात. तोंड चुकवणारा माणूस या दाखल्यात कुठंच नाही.

मग क्षमा? प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज जे मागतो, त्यासाठी मत्तयनं ‘ऋण’ याच अर्थाचा शब्द वापरला आहे. लूक त्याच जागी ‘पापं’ म्हणतो. पाप हे देवाचं थकलेलं देणं आहे, अशी ती कल्पना. त्यावरून लोक गृहीत धरतात की मनातून क्षमा केली की खात्यावरची रक्कमही आपोआप पुसली जाते. तसं होत नाही. मनातला राग सोडणं ही क्षमा आणि ती मला करावीच लागते, तो पैसे देवो न देवो. रक्कम सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. ती देणाऱ्यानं ठरवायची, आणि ठरवली तर समोरच्याला तसं सांगायचं. भिडेपोटी गप्प बसणं, घरी येऊन बायकोपाशी जळफळणं आणि त्यालाच क्षमा म्हणणं, यात तर दोन्हींपैकी काहीच घडत नाही. मी नऊ महिने हेच केलं होतं.

अलीशाची गोष्ट आठवा (२ राजे ४). विधवेच्या दारात सावकार उभा आहे, तो तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून नेणार आहे. संदेष्ट्यानं चमत्कार केला, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सगळी भांडी तेलानं भरली. पुढे तो काय म्हणाला? तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तुम्ही जगा. चमत्काराचं तेलसुद्धा आधी देणं फेडायला गेलं.

देणाऱ्यावर बंधनं आहेत आणि ती कडक आहेत. गरिबाकडून व्याज नको. गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करायचं (निर्गम २२). जात्याची तळी गहाण ठेवून घ्यायची नाही, कारण त्यावर घराची भाकरी चालते. आणि गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं (अनुवाद २४). ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याच्यामागे तगादा लावणाऱ्याला बायबल पाठीशी घालत नाही. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: याला जमत नाही, की हा देत नाही? हे कळायला त्याच्याशी बोलावं लागतं.

दुसरा नेहमीचा गैरसमज म्हणजे ख्रिस्ती माणसानं कोर्टकचेरी करायचीच नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (अध्याय ६) पौल भावाभावांच्या खटल्यांवर रागावला आहे, हे खरं. पण भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, हेही तो तिथंच विचारतो. म्हणजे निवाडा त्याला हवाच आहे. आठव्या वचनात तो फसवणाऱ्यालाही झापतो, ते वचन मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. मत्तय १८:१५-१७ मध्ये रीत दिली आहे: आधी एकट्यानं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पापनिवेदन केलं की देणं मिटत नाही, शक्य ती भरपाई करावीच लागते. येशू घरी आल्यावर जकातदार जक्कयनं चौपट परत करायची तयारी दाखवली होती. आपसात लिहून घेणं अविश्वासाचं लक्षण नाही, पौलानंही अनेसिम या दासाचं देणं मी फेडीन हे त्याच्या धन्याला, फिलेमोनला, स्वतःच्या हातानं लिहून दिलं. कर्ज देऊन वसूल करणं ख्रिस्ती परंपरेला परकं नाही. वसईत १९१८ साली कॅथलिकांची पतसंस्था उभी राहिली, तिचीच पुढे बँक झाली, आणि कुणी परतफेड केली नसती तर पुढच्या शेतकऱ्याला द्यायला तिच्याकडे काय उरलं असतं? पोलीस पैसे वसूल करून देतील हीही समजूत चूक, कारण मुळात फसवणुकीचा हेतू नसेल तर थकलेलं उसनं हा दिवाणी मामला आहे. आणि कितीही वर्षांनी दावा लावता येतो, हे तर अजिबात खरं नाही. उसन्या पैशांसाठी मुदत साधारणपणे ३ वर्षांची. तेवढ्यात ऋणकोनं सहीनिशी देणं कबूल केलं तर ती नव्यानं मोजतात. खर्चाची भीती असेल तर दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथं कोर्ट फी नाही आणि झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं.

मी लोकअदालतीपर्यंत गेलो नाही. आधी एकटा त्याच्या घरी गेलो, त्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा आमच्या दोघांच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना घेऊन गेलो. चहा झाला. नोकरी सुटल्याचं त्यानं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मास्तरांनी वहीचा कागद फाडून महिना २,००० रुपये असं लिहिलं, खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. फेब्रुवारीपर्यंत १४,००० आले. मार्चचा हप्ता आला नाही. मी फोन केला, आणि त्यानं तो उचलला.