बांध कोणाचा, पावणी कोणाची

संस्थांनी काळाबरोबर बदलावे, रचना सैल ठेवावी, नवी कार्यसंस्कृती रुजवावी, असे सांगणाऱ्या व्याख्यानांना हल्ली पणजीत तोटा नाही. दाखले दिले जातात जपानी मोटार कारखान्यांचे. गोव्यात बसून गावकरीचा, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचा, दाखला या मंडळींना सुचू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. दामोदर कोसंबींना तो सुचला होता. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या 1962 च्या ग्रंथात जुन्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या) ग्रामसंस्थेवर त्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या किती व्यवस्थापनतज्ज्ञांनी ते उघडले असेल?

कागदोपत्री इतिहास थोडक्यात उरकतो. 1526 साली अफोंसो मेशियाने तिसवाडीतल्या गावांचे रिवाज फोराल या सनदेत बांधले आणि तोंडी चालणारी संस्था लेखी झाली. पूर्वी एका गावकाराने नकार दिला तरी ठराव अडत असे. पुढे बहुमत आले, भाग विकाऊ झाले, गावाशी नाते नसलेला माणूस भागधारक झाला. 1904 आणि 1933 च्या संहिता आल्या. शेवटची संहिता 15 एप्रिल 1961 ची. त्यानंतर आठ महिन्यांत पोर्तुगीज गेले, पण कोमुनिदादी, म्हणजे याच गावकऱ्या, आजही त्याच संहितेवर चालतात.

मला मात्र संहितेपेक्षा खाजनाचा बांध महत्त्वाचा वाटतो आणि हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे. खाजन म्हणजे खाडीकाठचे शेत; ते समुद्राच्या पातळीलाच असते, काही ठिकाणी त्याहूनही खाली. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे, पावसाचे पाणी ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, बाहेर सोडायचे. बांधाला एका रात्रीत खांड पडली तर शेत खारावते आणि पुढची काही वर्षे भात नीट येत नाही. त्यामुळे दुरुस्ती उद्यावर टाकता येत नसे. गावकरीने शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, दर 3 वर्षांनी उघड्यावर घ्यायची, मानशीतल्या मासळीची पावणी वेगळी करायची, आलेल्या पैशातून आधी बांध, देऊळ, कुळकर्ण्याचा पगार भागवायचा आणि उरेल ते जोण म्हणून वाटायचे. बांध फुटला की जोण घटायचा. ज्याच्या हाती निर्णय होता, त्याच्याच खिशाला चाट बसत होती. गावकरीची खरी संस्कृती ती हीच. पावणीत बोली चढत असताना सगळा गाव ऐकत असे, म्हणून हिशेब लपवणे अवघड होते.

इथे माझे दोन्ही बाजूंशी भांडण आहे. एक पक्ष गावकरीला आदर्श लोकशाही ठरवतो. जोण पुरुष वंशजांनाच मिळे, बायकांना नाही, प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्या कुळाला आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकारालाही नाही, हे ते सांगत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, जुनाट सरंजामी अवशेष होता, गेला ते बरे झाले. 1964 चा कूळकायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती न्यायाची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कसणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती. पण जमीन कुळाकडे गेली तेव्हा बांधाची जबाबदारीही जाणार होती. 1975 च्या नियमांनी त्यासाठी कूळसंघ काढले. त्यांना नाव मिळाले, समिती मिळाली, पण बांधासाठी एकत्र येण्याची सवय कायद्याने कशी मिळणार? पुढे भातापेक्षा मासळीला भाव आला. काही ठिकाणी मानशीचा ठेका घेतलेल्यांनी मासळीसाठी खारे पाणी आत घेतले आणि भातशेती पडीक झाली. लिलाव चालूच आहेत, पण नुकसान सोसणारा आणि पैसा घेणारा आता एक नाही.

गोव्याच्या ग्रामसंस्थांवर लिहिणारे बहुतेक जण तिसवाडी-साष्टीत थांबतात. मांडवी ओलांडून डिचोलीत यायला त्यांना जड जाते. नव्या काबिजादी त्यांच्या लेखी परिशिष्ट. पेडणे, सत्तरी, डिचोलीत देवस्थान, मांडाची सामायिक जागा आणि बाराजण ही गावप्रमुखांची मंडळी यांनी गाव धरून ठेवला, त्याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. आणि डिचोलीतले मये? मयेचे नाव निघाले की तळे, होड्या आणि पर्यटक एवढेच पुढे येते.

मयेची जमीन एका पोर्तुगीज उमराव घराण्याच्या नावावर होती. मुक्तीनंतर मालक निघून गेला आणि 1964 च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने सरकारी कस्टोडियन आला. तात्पुरती सांभाळणी म्हणून आलेली ही व्यवस्था पन्नास वर्षे बसून राहिली. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण जमीन आपली नाही. मयेकराला आपल्याच गावात अर्जदार व्हावे लागले. या काळात गावाने स्वतःला बदलले, हे कौतुकाने सांगितले पाहिजे. खंड भरणारी वस्ती मागणी करणारी झाली, भूविमोचनाची कृती समिती उभी राहिली, सभा झाल्या, निवडणुकीत उमेदवारांना जाब विचारला गेला. अखेर 2014 मध्ये विधानसभेने जुने मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला. त्यानंतरही सनदांसाठी, सनदेच्या दर्जासाठी माणसे खेटे घालत राहिली.

असे बदलणे खाणपट्ट्यातही झाले, पण खाणींविषयी फार लिहीत नाही, पुष्कळ लिहून झाले आहे. 2012 ची बंदी, 2018 मध्ये 88 लीजांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द करणे, मग लिलाव, आणि डिचोली गटाची खाण वेदान्ताकडे जाणे. या फेऱ्यात ट्रकमालकांची संघटना झाली, कामगारांची झाली, कंपन्यांनीही नव्या परवान्यांप्रमाणे घडी बदलली. खाणीचा गाळ ज्यांच्या शेतात उतरतो त्यांची तेवढी भक्कम संघटना झाली नाही.

आज कोमुनिदादींच्या सभांना गणपूर्ती होत नाही, गावकार इंग्लंडातल्या स्विंडनला आणि आखातात. चर्चा होते ती भूखंडांची आणि अतिक्रमणे नियमित करण्याची. अशा दिवसांत मयेला सनदा मिळताहेत याचा मला आनंद आहे, पण सनद ज्याची त्याला स्वतंत्र मिळते. ओहोळ, पायवाटा, गुरचरण, शेतांमधले पाट यांची सनद कोणाच्या नावाने निघणार? कस्टोडियन गेल्यावर ते सांभाळणारे कोणी नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात भांडणे कोर्टात जातील. मये-वायंगिणी पंचायतीच्या ग्रामसभेने सामायिक जागांची नोंदवही आत्ताच उघडावी. तीत प्रत्येक पाटापुढे दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा हे लिहावे, आणि सामायिक फळझाडांची, मासळीची पावणी पूर्वीसारखी सगळ्यांसमोर घेऊन तो पैसा त्याच कामाला लावावा. या वेळी वहीत घरातल्या बायकांची आणि कसणाऱ्यांची नावे पहिल्या पानापासून असली पाहिजेत.