बिनपगारी उन्हाळ्याचे पैसे

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत उन्हाळ्यातल्या बिनपगारी इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याला खुद्द कॉलेजच पैसे देतं. जिथे काम करायचं ती संस्था दमडीही देत नाही. खोलीभाडं, जेवणखाण आणि प्रवास निघावा म्हणून कॉलेजचं करिअर ऑफिस साधारण तीन ते सहा हजार डॉलरच्या घरात रक्कम हातात ठेवतं. हा पैसा बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून आलेला असतो. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी घरांत, तसंच पुण्या-ठाण्याहून मुलांना तिकडे पाठवलेल्या पालकांत या ग्रँटविषयी पुष्कळ बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

आधी मुळाशी जाऊ. पगार न देता काम करून घेणं अमेरिकेत चालतंच कसं? ‘तिकडे सगळं चालतं’ हे जितकं चुकीचं, तितकंच ‘ते सरळ बेकायदेशीर आहे’ हेही. किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ चा. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने इंटर्नला फुकट राबवावं की नाही, यावर ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाच्या निर्मितीत काम केलेल्या इंटर्ननी फॉक्स सर्चलाइटवर केलेला खटला गाजला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कसोटी घालून दिली ती अशी: या नात्यात मुख्य फायदा कोणाचा होतोय, शिकणाऱ्याचा की कंपनीचा? जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय कामगार खात्यानेही तीच कसोटी स्वीकारली. त्यात सात मुद्दे तपासले जातात. कामाचा अभ्यासक्रमाशी संबंध आहे का, पगारी माणसाची जागा इंटर्नकडून भरून काढली जातेय का, पगार नाही हे दोघांना आधीपासून स्पष्ट होतं का, अशा धर्तीचे. सरकारी कार्यालयं आणि ना-नफा संस्था यांना मात्र स्वयंसेवेच्या नावाखाली बरीच मोकळीक आहे. त्यामुळे बिनपगारी जागा सापडतात त्या मुख्यतः संग्रहालयांत, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांत, दवाखान्यांत आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत. ग्रँटचा ओघही तिकडेच असतो. अनेक कॉलेजं नफ्यातल्या कंपनीतल्या इंटर्नशिपला पैसे देतच नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कंपनीने द्यायचा पगार माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून का जावा?

सर्वांत जास्त पसरलेला समज म्हणजे ही ग्रँट एक बक्षीस आहे, हुशार मुलांना मिळतं, वर खर्चायला पैसे. जरा हिशेब मांडून पाहा. ओहायोतल्या कॉलेजची एक मुलगी २०२५ च्या उन्हाळ्यात १० आठवडे न्यूयॉर्कच्या एखाद्या संग्रहालयात गेली असं समजू. महिना १,५०० डॉलरची खोली मिळाली तर अडीच महिन्यांचे ३,७५० झाले. स्वतः रांधून खाल्लं तरी आठवड्याला १०० डॉलर धरावे लागतात, म्हणजे आणखी १,०००. सबवेचं तिकीट तेव्हा २ डॉलर ९० सेंट होतं आणि आठवड्याची कमाल आकारणी ३४ डॉलर, म्हणजे ३४०. बेरीज ५,०९० डॉलर. यात विमानाचं तिकीट नाही, खोलीची अनामत रक्कम नाही, आजारपण नाही. ग्रँट ५,००० ची असेल तर ती फार तर बरोबरीत सुटली. शिवाय आठवड्याला ३५ तासांनी ३५० तास तिने काम केलं. तेच तास शहरातल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात घातले असते, तर त्या वर्षीच्या १६.५० डॉलर किमान वेतनाने ५,७७५ डॉलर मिळाले असते. म्हणजे ग्रँट मिळूनही ती मागेच राहिली. न दिलेल्या पगाराचा एक हिस्सा तिसऱ्याने भरला, एवढाच या पैशाचा अर्थ.

‘ती गरिबांसाठी असते’ आणि ‘ती फक्त स्कॉलरांसाठी असते’ ही दोन्ही वाक्यं एकाच पार्टीत ऐकू येतात. नियम कॉलेजागणिक बदलतात. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजची ‘प्रॅक्सिस’ योजना शिक्षणाच्या काळात विद्यार्थिनीला एकदा बिनपगारी इंटर्नशिपसाठी पैसे देते, तिथे आई-वडिलांच्या उत्पन्नाचा प्रश्न येत नाही. येलचा ‘समर एक्स्पिरियन्स अवॉर्ड’ मात्र येलकडून आर्थिक मदत मिळणाऱ्यांसाठी आहे. इतर ठिकाणी अर्जांची चढाओढ असते. तेव्हा मैत्रिणीच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल, किंवा त्याला नाही मिळाली म्हणून अर्जच करायचा नाही, दोन्ही व्यर्थ.

चढाओढ असते तिथे मोठ्या नावाच्या संस्थेची निवड झाली की काम झालं असंही मानलं जातं. अर्जात मागितलेल्या गोष्टी बघितल्या तर तसं दिसत नाही. संस्थेचं पत्र, देखरेख कोण करणार त्याचं नाव, आठवड्याचे तास, खर्चाचं अंदाजपत्रक आणि काय शिकणार यावर एक-दोन परिच्छेद, असा हा अर्ज. ‘मला कलाक्षेत्राचा अनुभव घ्यायचा आहे’ असं शेकडो मुलं लिहितात. ‘जुन्या कापडांच्या हस्तलिखित नोंदी डिजिटल सूचीत आणायच्या आहेत, आणि आठवड्यातले दोन दिवस संवर्धन विभागात बसायचं आहे’ असं लिहिणाऱ्याला काम कळलेलं असतं. अंदाजपत्रकात मोघम गोल आकडा टाकणारा तिथेच मागे पडतो.

‘पैसे नाहीत, पण क्रेडिट मिळतंय ना’ हा दिलासा तर उलटाच आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक, आणि उन्हाळ्यातल्या क्रेडिटची बऱ्याच ठिकाणी वेगळी फी लागते. म्हणजे काम फुकट करायचं आणि वर ते करण्यासाठी पैसेही भरायचे. क्रेडिट घ्यावंच लागणार असेल तर ती फी ग्रँटमधून भागते का, हे आधी विचारून घ्यावं.

आता कर. ‘ग्रँट आहे, स्कॉलरशिपसारखी, तिच्यावर कसला कर?’ अमेरिकेच्या करकायद्यात स्कॉलरशिपचा ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं यांवर गेलेला भागच करमुक्त असतो. राहण्या-खाण्यासाठी मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते, आणि उन्हाळ्याची ग्रँट नेमकी त्यासाठीच असते. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांना कॉलेज सहसा पूर्ण रक्कम देतं, कर कापत नाही, पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्मही देत नाही. त्यामुळे कर नाहीच असं वाटतं. विवरणपत्रात ती दाखवायची जबाबदारी मुलाचीच असते.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाचं वेगळं. कॉलेज त्याच्या रकमेतून बहुधा १४ टक्के कर आधीच कापून घेतं: ५,००० पैकी ७०० गेले, खात्यात ४,३०० आले. मग घरी फोन, ‘कॉलेजने फसवलं.’ फसवलेलं नसतं. पुढच्या वर्षी कॉलेज १०४२-एस नावाचा फॉर्म देतं, तो लावून एप्रिलपर्यंत १०४०-एनआर विवरणपत्र भरायचं. इथे एक गोष्ट भारतीयांच्या फायद्याची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. परदेशी विद्यार्थ्यांना सामान्यतः स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ती वजावट घेता येते. २०२४ या करवर्षासाठी ती १४,६०० डॉलर होती. वर्षभराचं करपात्र उत्पन्न त्याच्या आत असलं तर केंद्रीय कर म्हणून कापलेले ते ७०० डॉलर परत मिळू शकतात. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या देशाच्या मित्राचं विवरणपत्र पाहून आपलं भरलं तर मात्र ही वजावट हातची जाते.

व्हिसाच्या बाबतीतला गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे: ‘पगारच नाही, मग परवानगी कशाला?’ एफ-१ विद्यार्थ्यासाठी पगार मिळतो की नाही यापेक्षा ते काम नोकरीच्या स्वरूपाचं आहे का, हे महत्त्वाचं. अन्नदान केंद्रात सगळेच स्वयंसेवक असतात, तिथे शनिवारी जाऊन डबे भरणं ही स्वयंसेवा. पण एरवी पगारी माणूस करील असं काम, ठरलेले तास, वर देखरेख करणारा साहेब, तर बिनपगारी असूनही बहुतेक कॉलेजं सीपीटी घ्यायला लावतात. करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग ही परवानगी कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय देतं, ती आय-२० या विद्यार्थ्याच्या व्हिसासंबंधीच्या कागदावर तारखांसह छापून येते, आणि त्या तारखेच्या एक दिवस आधीही काम सुरू करायचं नसतं. साधारणपणे त्यासाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलाचं ते मे महिन्यात पूर्ण होतं, त्यामुळे ‘पहिल्या उन्हाळ्यात काहीच करता येत नाही’ हेही खरं नाही. काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं, म्हणून कॉलेज एखादा छोटा कोर्स घ्यायला सांगतं. ‘सीपीटी घेतली की पुढची ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) गेली’ अशी भीती घालणारेही भेटतात. ओपीटी जाते ती पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर. १० आठवड्यांनी काही बिघडत नाही.

आणखी एक खाचखळगा: सरकारी इंटर्नशिपपैकी कित्येक ठिकाणी अमेरिकन नागरिकत्व लागतं. व्हाइट हाउसची तर लागतेच. ग्रँट मंजूर होऊनही जागा मिळाली नाही असं होऊ नये, म्हणून ही अट आधी वाचावी.

अमेरिकन नागरिक असलेल्या मराठी मुलांच्या पालकांना दुसरीच काळजी असते: ‘ही ग्रँट दाखवली तर पुढच्या वर्षीची आर्थिक मदत कापतील.’ केंद्रीय आर्थिक मदतीसाठीच्या फाफ्सा अर्जात करपात्र म्हणून दाखवलेल्या अनुदानासाठी वेगळी ओळ आहे, ती भरली की ती रक्कम उत्पन्नातून वजा होते. ती ओळ रिकामी सोडणाऱ्यालाच फटका बसतो. उन्हाळ्यात मुलाने काही कमवून फीला हातभार लावावा अशी अपेक्षा कॉलेजच्या मदतीच्या हिशेबात असते, ती काही कॉलेजं बिनपगारी उन्हाळ्यासाठी माफ करतात. पण मागितल्याशिवाय नाही. याखेरीज केंद्रीय वर्क-स्टडी योजनेचे पैसे उन्हाळ्यात ना-नफा संस्थेतल्या कामालाही वापरता येतात, हे कॉलेजच्या करिअर ऑफिसपेक्षा आर्थिक मदत कार्यालयात नीट कळतं. आपल्याकडच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेशी किंवा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेशी या ग्रँटची तुलना करू नये. तिथे महिन्याचं विद्यावेतन सरकार ठरवतं, इथे एकेका कॉलेजचा खजिना आणि एकेका देणगीदाराची अट असते.

या पैशातून जे मिळतं ते नोकरीचं तिकीट आहे असं मात्र समजू नये. तिथल्या कॉलेज आणि नोकरी देणाऱ्या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची सर्वेक्षणं वर्षानुवर्षं एकच सांगत आली आहेत: पगारी इंटर्नशिप केलेल्यांना बिनपगारी केलेल्यांपेक्षा नोकरीचे प्रस्ताव जास्त येतात. यात क्षेत्राचा फरक आहेच, बँकेतली इंटर्नशिप आणि संग्रहालयातली इंटर्नशिप एका तागडीत तोलता येत नाही. तरीही पगार मागून पाहणं शहाणपणाचं. खुद्द व्हाइट हाउसने २०२२ च्या शरद ऋतूपासून इंटर्नना पैसे द्यायला सुरुवात केली, तोवर तिथेही फुकटच काम होतं.

पगार मागितला तर ग्रँट हातची जाईल, असं वाटून मुलं गप्प बसतात. बऱ्याच योजनांत बिनपगारीबरोबर कमी पगाराची इंटर्नशिपही बसते. संस्थेने ८०० डॉलर दिले तर कॉलेज तेवढे वजा करतं, किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत दोन्ही घेऊ देतं. नियम लेखी असतो. अर्जाची मुदत बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी संपते, आणि संस्थेचं पत्र तोवर आलेलं नसलं तरी पुष्कळ कॉलेजं अर्ज घेऊन ठेवतात, पत्र नंतर जोडू देतात. कसलं पत्रच नाही म्हणून मे उजाडेपर्यंत वाट पाहणाऱ्यांचे अर्ज त्या वर्षापुरते राहून जातात.