वेलिगामाची लहान लाट आणि तिच्यावर चालणारा धंदा

समुद्राशी आमचा संबंध आजवर एवढाच होता की, माल कोणत्या बंदरात उतरला आणि कस्टममधून कधी सुटला. लाटांचाही व्यापार होतो, त्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात आणि त्यात आमच्या कापडालाही जागा आहे, हे आम्हाला उतारवयाकडे झुकताना कळले. तेही नुकसान सोसून कळले. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ही हकीकत मांडावी असे वाटले.

कोलंबोच्या पेटा भागातील कापडबाजार आमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तेथे मेमन आणि बोहरी व्यापाऱ्यांच्या जुन्या पेढ्या आहेत. आमचा माल तेथे जात असे. एकदा तेथल्या दलालामार्फत ३०० अर्ध्या चड्ड्यांची मागणी आली. गिऱ्हाईक दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामा गावचा एक दुकानदार. ‘सर्फिंगसाठी’ असे चिठ्ठीत लिहिले होते. आम्ही त्याचा अर्थ ‘समुद्रावर फिरायला’ असा लावला. चांगले सुती कापड घेतले, सुती दोऱ्याने शिवले, कमरेला नाडी ओवण्यासाठी निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिंगा ठोकल्या. माल दिसायला झकास होता. दोन महिन्यांत तक्रार आली. रिंगा गंजून कापडावर तांबडे डाग पडले होते, मांड्यांच्या आतली शिलाई लोकांना घासून सोलत होती आणि भिजलेली चड्डी वजनाने खाली घसरत होती. पैसे निम्मे सुटले. दुकानदार भला माणूस होता. त्याने निरोप धाडला की, एकदा येऊन पाहून जा, मग शिवा.

आम्ही गेलो. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून निघणारी आगगाडी गॉलमार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने मातरेकडे जाते. वेलिगामा मातरा जिल्ह्यातच आहे. सिंहली भाषेत ‘वेली’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव. वाळूचे गाव. सारा धंदा या नावातच आहे, हे आम्हाला संध्याकाळपर्यंत समजले.

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येणे. हा हवाई बेटांचा जुना खेळ. तेथील ड्यूक काहानामोकू या जलतरणपटूने १९१२ साली ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले आणि पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन फळीवरच्या स्वारीची प्रात्यक्षिके केली. तेथून हा शौक जगभर पसरला. खुद्द ऑलिम्पिकमध्ये मात्र सर्फिंगचा समावेश २०२१ साली भरलेल्या टोकियोच्या स्पर्धेत झाला.

वर्तमानपत्रांत घराएवढ्या लाटेवरून सुटणाऱ्या माणसाची छायाचित्रे येतात. त्यामुळे लाट जितकी मोठी तितकी कमाई मोठी असे आपल्याला वाटते. वेलिगामात नेमके उलट दिसले.

श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून थेट अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. त्या दूरच्या दक्षिण समुद्रात वादळे होतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून काही दिवसांनी येथे पोहोचतात. त्या येतात तेव्हा वादळ मागे राहिलेले असते, वाराही नसतो. उरतो फक्त पाण्याचा लांब, सरळ फुगवटा. वेलिगामाचा किनारा अर्धचंद्रासारखा आत वळलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी जमिनीचे हात पुढे आलेले आहेत. या हातांना वळसा घालून आत शिरताना लाट पंख्यासारखी पसरते आणि तिचा जोर लांब किनाऱ्यावर वाटला जातो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पट उरली की लाट फुटते. खाली तळ उभा असेल, खडक असेल, तर ती एकदम कोसळते. येथे तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा, म्हणून लाट वरून फेसाळत, जणू सांडत सांडत, बरीच दूर येते. हंगामात बहुधा ती गुडघ्यापासून छातीपर्यंत असते. पडले तर खाली वाळू.

थोड्याच अंतरावर मिदिगामा आणि मिरिसा येथे खडकावर फुटणाऱ्या लाटा आहेत. त्या सुबक, पण तेथे तरबेज माणसाचेच काम. आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. तरबेज माणूस स्वतःची फळी घेऊन येतो, शिक्षक नको म्हणतो, स्वस्त खोली घेतो आणि दिवसभर पाण्यात असतो. त्याच्याकडून गावाला काय मिळते? नवशिक्याला मात्र सर्व काही विकत किंवा भाड्याने लागते. फळी, शिक्षक, अंगात घालायचा घट्ट सदरा, उन्हाचे मलम, शहाळे, नाश्ता, शेवटी स्वतःचा फोटोही. शिवाय खडकावरची लाट एका ठरावीक जागीच उठते, तिथे एका वेळी एकानेच चढायचे, बाकीच्यांनी पाण्यात रांग लावायची. वाळूच्या लांब किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाट फुटते आणि अनेकजण शेजारी शेजारी शिकू शकतात. खडक म्हणजे एकाच खिडकीची तिकीटघर. हा किनारा म्हणजे लांबलचक पेढी.

म्हणूनच तेथे वाळूवर फळ्यांच्या घोड्या ओळीने उभ्या आहेत. शिकवणारी बरीच पोरे कोळ्यांच्या घरची. समुद्र त्यांना बापाकडून मिळालेला, इंग्रजी पर्यटकांकडून. हिशेब साधा आहे. समजा एक फळी दिवसात चार जणांना तासाच्या भाड्याने गेली आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर सहाशे भाडी झाली. त्यातून फुटतूट, बसून राहिलेले दिवस आणि जागेचा खर्च वजा करा. तरीही एक फळी आपली किंमत त्याच हंगामात फेडून पुढे जाते, असे आमच्या दुकानदाराचे म्हणणे पडले. शिलाई यंत्र भाड्याने देणाऱ्याला हे गणित वेगळे सांगायला नको.

फळी तरी कशाची? शिकाऊ फळी आठ-नऊ फूट लांब, रुंद आणि जाड असते, कारण मोठी फळी पाण्यावर स्थिर राहते. आत फोम, वरचा भाग मऊ, म्हणजे डोक्याला लागली तरी इजा कमी. तरबेजांची कडक फळी मात्र आमच्या विषयातील निघाली. फोमच्या गाभ्यावर काचेच्या धाग्याचे विणलेले कापड चढवून राळेने घट्ट करतात. हे कापड चार औंस, सहा औंस अशा चौरस वाराच्या वजनावर विकले जाते. आपण ज्या भाषेत ड्रिल आणि पॉपलिनची चौकशी करतो, तीच भाषा! तो गाभा पुरवणारी कॅलिफोर्नियातील क्लार्क फोम ही कंपनी मालकाने डिसेंबर २००५ मध्ये एकाएकी बंद केली. अमेरिकेतील बहुतेक फळीवाले तिच्यावरच अवलंबून होते. अनेक कारागीर रातोरात कच्च्या मालाविना बसले. एकाच गिरणीच्या सुतावर माग चालवणाऱ्यांना ही गोष्ट आमच्यापेक्षा जास्त समजेल.

शिकणे कसे चालते तेही पाहिले. आधी कोरड्या वाळूवर पालथे झोपायचे, हातांवर जोर देऊन एका झटक्यात उभे राहायचे. मग कमरेइतक्या पाण्यात शिक्षक फळी धरून उभा राहतो आणि फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस आला की ढकलतो. न फुटलेली हिरवी लाट पुढच्या धड्यात. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखे, तेव्हा गर्दी. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की लाटांचा विस्कोट होतो. आम्हीही पोटावर झोपून एक लाट घेतली. उभे राहण्याचा आग्रह पोरांनी केला, पण आमच्या गुडघ्यांनी नकार दिला. तरी त्या दहा-बारा सेकंदांत लोक यासाठी पैसे का देतात, ते उमजले.

त्याच वेळी चड्डीचा दोषही उमजला. फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण लावतात. ओल्या अंगाला ते मेण, वाळू आणि मीठ घासते आणि छाती-पोट सोलून निघते. म्हणून घट्ट सदरा घालतात. तो नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये ताणाचा धागा मिसळून विणलेला असतो. नायलॉन अंगाला मऊ, पण कडक उन्हात लवकर कमजोर होतो. पॉलिस्टरचा रंग उन्हात जास्त टिकतो. शिवण चपटी हवी, म्हणजे दोन कडा एकावर एक न येता सपाट जोडलेल्या, ज्याला आपल्याकडे फ्लॅटलॉक म्हणतात. दोरा पॉलिस्टरचा. चड्डीला हलके, घट्ट विणीचे पॉलिस्टर, जे पाणी धरत नाही. कमरेला नाडी आणि चिकटपट्टी. रिंगेऐवजी शिवलेले काज. धातू शक्यतो नकोच. मांडीच्या आतली शिवण पुढे-मागे सरकवली तरी अर्धी तक्रार मिटते. या पाच-सहा गोष्टी आम्हाला आधी कोणी सांगितल्या असत्या तर! पण चिठ्ठी वाचून प्रश्न न विचारणारे आम्हीच होतो.

आणखी एक गोष्ट नजरेत भरली. किनाऱ्यावर युरोपच्या बायका-पुरुषही मनगटापर्यंत बाह्यांचे सदरे घालून होते. काहींच्या पायांतही घोट्यापर्यंत घट्ट पायजमे होते. कारण ऊन आणि घासणे. सिडनीच्या अहेदा झनेट्टी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या बाईंनी २००४ साली मुस्लिम स्त्रियांसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला, त्यावर पुढे फ्रान्समध्ये केवढा गदारोळ झाला. येथे वाळूवर त्याच मापाचे कपडे कोणाला खटकत नव्हते. अंगभर कपड्याला गिऱ्हाईक फक्त आपल्याच घरात आहे असे समजणाऱ्या शिलाईवाल्यांनी याची नोंद घ्यावी. अर्थात स्पर्धाही सोपी नाही. श्रीलंकेतच एमएएस होल्डिंग्जसारखी कंपनी पोहण्याचे कपडे जगभर पाठवते. लहान कारखानदाराला जागा आहे ती किनाऱ्यावरच्या दुकानांच्या छोट्या मागणीत, जेथे पन्नास नग, चार मापे आणि दुकानाचे नाव छापून हवे असते.

धोक्याचेही सांगायला हवे, कारण हा धंदा विश्वासावर उभा आहे. लाट लहान असली तरी फळी जड असते आणि तिच्याखालचे पाते धारदार. फळीला बांधलेली दोरी घोट्याला अडकवतात, म्हणजे ती सुटून दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही. स्वतः आणि लाट यांच्या मध्ये फळी आडवी धरायची नाही. उथळ पाण्यात डोक्यावर सूर न मारता सपाट पडायचे. ओढ आत खेचू लागली तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता बाजूला, किनाऱ्याला समांतर जायचे. येथे संकट लाटेपेक्षा गर्दीचे आहे. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे घोड्या वाढत जातात, नवशिके एकमेकांवर आदळतात. गाव म्हणून संख्येला मर्यादा घातली तर आजचे भाडे बुडते, न घातली तर एखाद्या फुटलेल्या डोक्याने सगळ्यांचाच हंगाम बुडतो. आमच्या दुकानदाराने दोन धड्यांच्या वेळा वेगळ्या ठेवून आणि एका शिक्षकाकडे दोनच शिकाऊ देऊन आपल्यापुरती तोड काढली होती. शेजारी त्याला वेडा म्हणत.

या गावाने तडाखेही सोसले आहेत. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी याच किनाऱ्यावर आदळली. २०१९ चे बॉम्बस्फोट, २०२० ची महामारी आणि २०२२ ची इंधनटंचाई लागोपाठ आली. श्रीलंकेत २०१८ मध्ये सुमारे २३ लाख पर्यटक आले होते. २०२१ मध्ये दोन लाखही नव्हते. २०२४ मध्ये पुन्हा वीस लाखांवर गेले. ज्यांनी फळ्या विकून टाकल्या त्यांना पुन्हा चढ्या भावाने घ्याव्या लागल्या. ज्यांच्या घरात दुसरे हुन्नर होते ते तगले. वेलिगामात बायका उशीवर टाचण्या रोवून, लाकडी फिरक्यांनी ‘बीरलु’ नावाची लेस विणतात. पोर्तुगीजांच्या काळापासूनची ही कला. फिरक्यांची ती टकटक ऐकत आम्ही एका ओसरीवर तासभर बसलो. कारागिराचे पाय तिथून लवकर निघत नाहीत.

राहिला हंगाम. दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. मे महिन्यात नैऋत्य मान्सून आला, म्हणजे आपल्या कोकणात होड्या ओढून ठेवायची वेळ झाली, की वेलिगामाचे पाणीही खवळते आणि काम मंदावते. तेव्हा बेटाच्या पूर्वेला, पोत्तुविलजवळच्या अरुगम बे येथे हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. काही शिक्षक फळ्या गाडीवर बांधून तिकडे जातात. पोत्तुविल परिसरात तमिळ बोलणाऱ्या मुस्लिमांची मोठी वस्ती आहे आणि तेथील दुकानदारीत त्यांचा चांगला वाटा आहे. दोन किनारे मिळून जवळपास वर्षभर मागणी राहते.

आम्ही दुसऱ्या खेपेला साठच नग पाठवले, चपट्या शिवणीचे, धातूविना. पुढे मागणी आली. आता दक्षिणेचा माल सप्टेंबरअखेर कोलंबोत पोहोचेल आणि पूर्वेचा मार्चअखेर, असे आम्ही कारखान्यात तारखा लावून शिवतो. नमुन्याची एक चड्डी आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून, मग गच्चीवर उन्हात टांगून पाहिल्याशिवाय कात्री लावत नाही.