'रीम' म्हणजे भोक मोठं करणं, पण कागदाचं रीम वेगळं!

खुटबावसारख्या गावांतली आयटीआय झालेली मुलं रांजणगावच्या कारखान्यांत जातात, तेव्हा 'भोकाला रीमर मार' हे वाक्य रोज कानावर पडतं. या रीमरमागचं इंग्रजी क्रियापद 'रीम' मला फार आवडतं. अर्थ : असलेलं भोक रुंद करून नेमक्या मापाला आणणं.

10 मिमीचं अचूक भोक हवं असेल, तर आधी साधारण 9.8 चा ड्रिल मारतात. उरलेला बारीक थर रीमर काढतो, आतून गुळगुळीत करतो. हातरीमर तेल सोडत कापायच्या दिशेनेच फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की चुरा अडकून धार तुटते.

शब्दाचं मूळ बहुधा जुन्या इंग्रजीतल्या 'र्‍यूमन'मध्ये आहे, म्हणजे जागा करून देणं. आपण खोलीला म्हणतो तो 'रूम' याच कुळातला, जर्मन 'रॉयमेन' (जागा मोकळी करणं) हासुद्धा. अमेरिकेत एखाद्याला खरपूस झापणं म्हणजेही 'रीम' करणं.

आणि झेरॉक्सच्या दुकानातलं 500 कागदांचं रीम? उच्चार एक, स्पेलिंगही तेच, पण नातं शून्य. ते अरबी 'रिज़्मा'वरून आलं, म्हणजे गठ्ठा. स्पेन, फ्रान्समार्गे इंग्रजीत, तिथून आपल्याकडे. मला तर या दुसऱ्या रीमचा प्रवासच जास्त भारी वाटतो.