ज्ञानकोशाच्या किल्ल्या

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, तेव्हा कोणती नोंद घ्यायची आणि कोणती गाळायची याबाबत शेवटचा शब्द त्यांचाच असे. पुढे वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, तिथेही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला मात्र असा संपादकच नाही. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं. मग शंका येते की हा बिनधन्याचा वाडा उभा राहतो तरी कसा?

त्याची राखण करणाऱ्यांना तिथं प्रचालक म्हणतात. प्रचालक म्हणजे संपादक नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. लेखात काय असावं हे ठरवताना त्याच्या मताला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त वजन नाही. त्याच्या कमरेला चार किल्ल्या असतात, एवढंच. पान वगळायचं, वगळलेलं परत आणायचं, पानाला कुलूप घालायचं आणि धुडगूस घालणाऱ्याला काही काळ बाहेर ठेवायचं. पगार नाही, खुर्ची नाही. घरचं खाऊन करायचं काम.

जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याची देशभर चर्चा झाली. (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती करणी, असं पुढं तपासात दिसलं.) अशा दिवशी कितीतरी लोक लोणारचं पान उघडून पाहणार. समजा, रात्री बाराला एखाद्या उपद्व्यापी माणसानं त्यात भलतंसलतं घुसडलं. ते खोडायला कुणीही वाचक पुरे. पण तो इसम पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर कुलूप घालायला प्रचालकच लागतो. किल्लीवाले दोनचारच असले आणि तेही झोपलेले असले, म्हणजे शाळकरी मुलाच्या वहीत सकाळी तेच भलतंसलतं उतरतं.

तेव्हा प्रचालक पुष्कळ हवेत. ते नेमायचे कसे? रीत अशी की इच्छुकानं विनंती करायची, इतर सदस्यांनी चर्चा करून कौल द्यायचा. (चर्चेच्या जागेला मराठी विकिपीडियावर चावडी म्हणतात; नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.) कौल अनुकूल पडला की अधिकार मिळतो. तो देणारा अधिकारी त्या भाषेत नसेल, तर जगभरच्या सदस्यांनी निवडलेले स्टुअर्ड तो देतात.

कागदावर हे सोपं आहे. पण इंग्रजी विकिपीडियाचा अनुभव पाहा. प्रचालक होणं ही काही मोठीशी गोष्ट नव्हे, असं संस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ साली सांगून ठेवलं होतं. २००७ साली तिथं ४०८ जणांना अधिकार मिळाले. २०१८ साली किती? अवघे १०! मधल्या काळात त्या साध्या चौकशीची वधूपरीक्षा झाली होती. आठवडाभर सर्वांसमक्ष प्रश्नांची सरबत्ती व्हायची, जुन्या चुका उकरून काढल्या जायच्या. भली माणसं लांबूनच नमस्कार करू लागली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदानानं निवडणूक घेऊन पाहिली, आणि एका फेरीत ११ जण निवडून आले.

परीक्षा इतकी कडक का झाली? माझ्या मते याचं कारण दुसऱ्या टोकाला आहे. एकदा दिलेली किल्ली परत घेणं अवघड होतं. जे जन्मभरासाठी द्यायचं, ते देताना माणूस हात आखडणारच. आपल्याकडं मुलकी पाटलाचं वतन पिढ्यान्‌पिढ्या चाले, ते १९६२ च्या कायद्यानं गेलं. आजच्या पोलीस पाटलाची नेमणूक मुदतीची असते. मुदत आहे म्हटल्यावर नेमणाऱ्याला तेवढी धास्ती राहत नाही.

काढण्याची सोय नसली म्हणजे काय होतं, ते क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर दिसलं. तिथं मूठभर प्रचालकांनी सुमारे दहा वर्षं ठाण मांडलं. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशी राजवटीची कृत्यं सौम्य करून मांडली गेली आणि हरकत घेणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. पुढं त्यांचे अधिकार गेले, आणि विकिमीडिया प्रतिष्ठाननं २०२१ साली या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. लहान भाषेला हा धोका अधिक, कारण तिथं विरोध करायलाही माणसं थोडी असतात. मराठी बोलणारे कोट्यवधी असले तरी रोज विकिपीडियावर राबणारे हात थोडेच आहेत.

म्हणून मला वाटतं, देणं सोपं करावं आणि परत घेणं त्याहून सोपं करावं. प्रचालकाचं बहुतेक काम उलटवता येतं. वगळलेलं पान परत येतं, कुलूप निघतं, आणि कुणी केव्हा काय केलं याची नोंद सर्वांना दिसते. अधिकाराला मुदत घालण्याची सोय त्या यंत्रणेत २०१७ पासून आहेच. दोन वर्षं फिरकलाच नाही, त्याचा अधिकार काढून घेण्याची जागतिक रीतही २०१३ पासून चालू आहे. पण ती गैरहजराला लागू पडते, हजर राहून अरेरावी करणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी मुदत हवी. काही महिने नीट लिहिणाऱ्याला, दोन साध्या प्रश्नांची उत्तरं घेऊन, सहा महिन्यांची किल्ली द्यावी. मुदत भरली की ती आपोआप परत जाते. पुन्हा हवी असेल तर पुन्हा कौल.

यात एक अडचण उरते, ती लपवत नाही. कौल द्यायला येणारे पाचसात जण एकमेकांचे स्नेहीच असले, तर मुदतीचाही उपयोग नाही. दर सहा महिन्यांनी तेच नाव आणि तेच होकार. त्यावर तोड एकच दिसते, चावडीवर माणसं वाढायला हवीत. कौल देण्यापुरते नियम पुरे करायला प्रचालक व्हावं लागत नाही. खातं उघडून काही दिवस आपल्या गावाविषयी लिहिलं, सिंदखेडराजाच्या पानातलं एखादं शुद्धलेखन सुधारलं, तरी सुरुवात होते.