सरकारी मदतीच्या शाळांतील ख्रिस्ती उपासना : कायदा व कागद

वतनपत्र, निवाडपत्र किंवा ताळेबंद हातीं आला तर तो जपून ठेवावयाचा, आणि शाळेचें हजेरीपत्रक किंवा वेळापत्रक रद्दींत घालावयाचें, अशी आपल्या संग्राहकांची सर्वसाधारण रीत आहे. परंतु सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत ख्रिस्ती उपासना व धर्मशिक्षण कोणत्या अटींवर असावें, हा इंग्लंडांतील जुना वाद ज्या कागदांवरून उत्तम उलगडतो, ते याच रद्दीच्या जातीचे आहेत. त्या वादाचा कायदेशीर क्रम सांगून, हिंदुस्थानांत त्यास निराळें वळण कसें लागलें तें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) इ. स. १८३३ सालीं पार्लमेंटानें शाळागृहें बांधण्यासाठीं २०,००० पौंड प्रथमच मंजूर केले. ही रक्कम दोन संस्थांच्या मार्फत वांटली गेली. पैकीं नॅशनल सोसायटी इंग्लंडच्या राजमान्य चर्चची असून, तिच्या शाळांत त्या पंथाची प्रश्नोत्तरी शिकवीत. दुसरी, ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी, बायबल वाचवी. पण कोणत्याहि एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवीत नसे. तात्पर्य, सरकारी पैसा शाळेंत आला त्यापूर्वींच धर्म तेथें ठाण मांडून बसला होता. पुढील सर्व कायदे त्या धर्मास मर्यादा घालण्याच्या खटपटींतून निघाले, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांची रचना समजते.

(२) १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा फॉर्स्टर यानें मांडला. त्यांतील दोन कलमें महत्त्वाचीं आहेत. चौदाव्या कलमान्वयें, लोकनियुक्त स्कूल बोर्डाच्या शाळेंत विशिष्ट पंथाची खूण असलेली प्रश्नोत्तरी किंवा धर्मसूत्र शिकविण्यास मनाई झाली. तें सुचविणाऱ्या सभासदाच्या नांवावरून त्यास कूपर-टेंपल कलम म्हणतात. सातवें कलम मदत घेणाऱ्या सर्व सार्वजनिक प्राथमिक शाळांस लागू होतें. उपासना व धर्मशिक्षण शाळेच्या बैठकीच्या आरंभीं किंवा शेवटींच व्हावें. तो वेळ मंजूर वेळापत्रकांत नोंदवावा. तें वेळापत्रक प्रत्येक वर्गांत ठळक जागीं कायम लावलेलें असावें. आणि पालकानें काढून घेतलेल्या मुलास त्या वेळेपुरतें बाहेर राहतां यावें, असें त्यांत ठरविलें. धर्मविषयाची परीक्षा सरकारी इन्स्पेक्टरनें घेऊं नये, व त्या विषयाबद्दल सरकारी अनुदान मिळूं नये, असेंहि ठरलें. म्हणजे धर्माचा तास अभ्यासक्रमाच्या मध्यांतून काढून कडेला बसविला. पालकाच्या सदसद्विवेकाचें रक्षण अशा रीतीनें घड्याळाच्या कांट्यावर सोंपविलें गेलें.

(३) या व्यवस्थेचा व्यवहार कसा चाले हें कळण्यास उपयुक्त साधन म्हणजे शाळेची रोजनिशी होय. १८६२ च्या सुधारित नियमावलीनें अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्य शिक्षकांवर ती ठेवण्याची सक्ती केली, आणि तींत सर्वसामान्य स्वरूपाचीं मतें लिहूं नयेत असाहि निर्बंध घातला. संशोधकास हा निर्बंध उपकारकच झाला. कायद्याचा मजकूर काय व्हावें तें सांगतो. काय झालें तें पाहावयाचें तर वेळापत्रक व रोजनिशी हीं शेजारीं ठेवूनच वाचलीं पाहिजेत.

(४) १९०२ च्या कायद्यानें स्कूल बोर्डें मोडलीं व चर्चच्या शाळांस स्थानिक करांतून मदत मिळूं लागली. तेव्हां इतर पंथांच्या अनेक ख्रिस्ती लोकांनीं कराचा तो अंश देण्याचें नाकारलें. त्यांच्या चीजवस्तू जप्त झाल्या, कांहीं तुरुंगांतहि गेले. १९४४ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील शाळांचा दिवस सामुदायिक उपासनेनें सुरू करण्याची प्रथमच कायदेशीर सक्ती केली. परंतु ती उपासना ख्रिस्ती असावी असें त्यांत म्हटलें नव्हतें. ते शब्द १९८८ च्या कायद्यांत आले. त्यानें उपासना दिवसांत केव्हांहि घेण्याची मोकळीक दिली. मात्र चर्च वगैरेंच्या नसलेल्या शाळांत ती पूर्णपणें अथवा मुख्यत्वें व्यापक ख्रिस्ती स्वरूपाची असावी, असें ठरविलें. पालकाचा मुलास काढून घेण्याचा हक्क दोन्ही कायद्यांत राहिला.

(५) हिंदुस्थानांत हाच प्रश्न उलट बाजूनें आला. येथें राज्यकर्ते ख्रिस्ती व विद्यार्थी बहुतेक इतर धर्मांचे. १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्यानें सरकारी शाळांतील शिक्षण केवळ ऐहिक ठेविलें. बायबल ग्रंथालयांत असावें, विद्यार्थ्यानें आपण होऊन शंका विचारली तर शिक्षकानें शाळेच्या वेळेबाहेर उत्तर द्यावें, एवढीच मोकळीक होती. खाजगी शाळांस, त्यांत मिशनऱ्यांच्याहि आल्या, ऐहिक शिक्षण पाहून अनुदान मिळावें व इन्स्पेक्टरनें त्यांतील धर्मशिक्षणाकडे लक्ष देऊं नये, असें तत्त्व घातलें. १८७० च्या इंग्रजी कायद्यांतील इन्स्पेक्टरविषयक नियमाशीं याचें साम्य उघड आहे. आणि खलिता सोळा वर्षें आधींचा आहे.

पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानें पूर्णपणें सरकारी खर्चानें चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणास मनाई केली. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत मात्र विद्यार्थ्याची, तो अज्ञान असल्यास पालकाची, संमति असल्याखेरीज त्यास धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसण्याची सक्ती करतां येत नाहीं. इंग्रजी कायदा पालकाचा नकार मागतो, भारतीय घटना त्याची संमति मागते. इंग्लंडांत ज्या पालकानें कांहींच लिहिलें नाहीं त्याचें मूल उपासनेंत धरलें जातें; येथें, नियम पाळला तर, तें बाहेर धरलें पाहिजे. अडाणी, भिडस्त किंवा गरजू पालकाच्या दृष्टीनें हा भेद लहान नव्हे. कारण बहुधा गप्प राहणारा तोच असतो.

(६) यावरून संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. जुन्या अनुदानित शाळेचें दप्तर हातीं आल्यास त्यांतील वेळापत्रकें, पालकांच्या चिठ्ठ्या व हजेरीचीं पत्रकें एकमेकांपासून तोडूं नयेत, आणि कोऱ्या रकान्यांचीं पानें निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत. तो कोरा रकाना होकार कीं नकार, हें त्या काळच्या व त्या देशाच्या नियमावरून ठरतें. आणि ज्यांनीं स्वतः कांहींच लिहून ठेविलें नाहीं, अशा पालकांची या वादांतील साक्ष बहुधा तेवढ्याच जागेंत उरलेली असते.